दारव्ह्यातलं भंगाराचं दुकान : रिकाम्या बाटल्या घालायच्या असतील तर

नकाशावर या दुकानाखाली आजवर एकच अभिप्राय होता, 'गुड शॉप', आणि सोबत कुणाच्या तरी गायीचा फोटो. त्यावरून माणसाला काही कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा धंदा कोल्ड्रिंक आणि पाण्याच्या बाटल्यांचा. सब-डीलर आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, लाडखेड, बोरी अरब या पट्ट्यातल्या पानटपऱ्या, किराणा दुकानं, धाबे आणि उन्हाळ्यात लग्नाचे मांडव यांना माझ्या टेम्पोतून माल जातो. मी भरलेल्या बाटल्या विकतो आणि हे दुकान त्याच बाटल्या रिकाम्या झाल्यावर विकत घेतं. तेव्हा माझ्या मतात थोडा स्वार्थ आहे, हे धरूनच वाचा.

दुकान शोधायला त्रास नाही. शकुंतला रेल्वेच्या जुन्या स्टेशनाकडे निघालात की टिनाचं शेड दिसतं आणि त्याच्यापुढे गंजलेल्या कूलरचे सांगाडे रचलेले. पाटी आहे, पण उन्हाने अक्षरं उडाली आहेत. कूलर पाहूनच थांबा. आत डाव्या हाताला लोखंड, उजव्या हाताला पुठ्ठा आणि रद्दी, मागच्या अंगाला प्लास्टिक. प्लास्टिकच्या भागात पोचलात की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की तिथे ढीग एक नाही. पांढऱ्या, म्हणजे पारदर्शक, बाटल्यांची चुंगडी (पोतं) वेगळी, हिरव्या आणि रंगीत बाटल्यांची वेगळी, झाकणांची वेगळी, आणि खाण्याच्या तेलाच्या बाटल्या पार कोपऱ्यात, कारण त्यांना माशा लागतात.

काटा इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे आहे. हे मुद्दाम लिहितोय. तालुक्यात बाकी ठिकाणी अजून तराजूचा खेळ चालतो आणि चुंगडीमागे किलो-अर्धा किलो सहज उडतो. इथे चुंगडी काट्यावर ठेवली की मालक दोन्ही हात मागे बांधून उभा राहतो, आकडा थांबेपर्यंत. मग मोठ्याने वाचतो. मग पाटीवर खडूने लिहितो. गिऱ्हाईक शिकलेलं असो की नसो, पद्धत तीच. कचरा वेचणाऱ्या बायकांनाही तोच काटा, तोच भाव आणि पैसे जागेवर. या एका गोष्टीसाठी दुकानाला पूर्ण मार्क.

भाव रोज हलतो. पांढऱ्या पेट बाटलीला (पाणी-कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या प्लास्टिकला पेट म्हणतात) वीस रुपये किलोच्या आसपास धरा. हिरव्या बाटलीला कमी, कारण हिरव्यापासून पुन्हा पांढरं होत नाही आणि पुढचा कारखानदार ती वेगळी काढतो. आता हिशेब करा. एक लिटरची पाण्याची बाटली साधारण वीस ग्रॅमची. किलोत बसतात पन्नास. म्हणजे एका बाटलीचे चाळीस पैसे. उन्हात वाकून ती बाटली उचलायची, झाकण काढायचं, उरलेलं पाणी सांडायचं, चुंगडीत भरायची, आणि मिळणार चाळीस पैसे. तरी लोक उचलतात, म्हणून तर आपल्याकडे रस्त्यावर पेट बाटली फार काळ पडून राहत नाही. खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पन्नी मात्र जिथे पडली तिथेच राहते. तिला काट्यावर कोणी विचारत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाचंही तेच. माझ्या मते प्लास्टिकबद्दलची निम्मी अक्कल या काट्यावर कळते: ज्याला भाव आहे ते गोळा होतं, ज्याला नाही ते नालीत जातं किंवा वावराच्या धुऱ्यावर कापसाच्या पऱ्हाटीसोबत जळतं.

आता या दुकानाची खासियत. इथला मालक बाटलीचा वास घेतो.

मी आधी चेष्टा समजलो होतो. एका कास्तकाराची चुंगडी काट्यावर चढायच्या आधी त्याने खाली ओतली, दोन-चार बाटल्या उचलल्या, झाकण फिरवलं, नाकाजवळ नेली आणि एक बाजूला फेकली. "हे नाही घेत म्या, भाऊ. याच्यात औषध होतं." कास्तकार म्हणाला, "धुतली होती नं बाप्पा." मालक म्हणाला, "धुतली असन. मंग तूच पी याच्यातून पाणी." आणि तो हसला नाही.

आमच्या भागात हा प्रकार नवा नाही. फवारणीच्या दिवसात मोठ्या डब्यातलं औषध लहान बाटलीत काढून वावरात नेतात, आणि हाताशी कोल्ड्रिंकची बाटली असते. पेट्रोल तर फाट्याफाट्यावर पाण्याच्या बाटलीतच विकतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून इथला माणूस औषधाच्या वासाला दचकतो. फवारणीचे डबे हा दुकानदार घेतच नाही, कितीही भाव कमी करून द्या म्हटलं तरी. कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध भरलेलं असेल तर ती ओळखायला त्याच्याकडे नाकाशिवाय यंत्र नाही.

हे एवढं लांबण का लावलं, ते सांगतो. आता जुन्या बाटलीपासून नवी पिण्याची बाटलीच बनायला लागली आहे. आधी आपल्या देशात खाण्यापिण्याच्या वस्तूंना रिसायकल प्लास्टिक लावायला बंदी होती. 2021-22 मध्ये पर्यावरण खात्याने आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अटी घालून ती वाट मोकळी केली. 2023 मध्ये किनलेची एक लिटरची बाटली शंभर टक्के रिसायकल पेटमध्ये बाजारात आली, झाकण आणि लेबल सोडून. आणि 2022 च्या नियमांत कंपन्यांना आकडा बांधून दिला आहे: कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये 2025-26 ला 30 टक्के रिसायकल माल, मग दर वर्षी दहा-दहा टक्क्यांनी वाढवत 2028-29 ला 60 टक्के. कागदावर नियम चांगला आहे. पण शेवटी ती बाटली येणार कुठून? अशाच दुकानांतून. आणि ती स्वच्छ आहे हे पहिल्यांदा बघणार कोण? तर हा माणूस, नाकाने. पुढे कारखान्यात तुकडे गरम पाण्यात कॉस्टिकने धुतात, पेट तळाशी बसतं आणि झाकणाचं प्लास्टिक वर तरंगतं म्हणून तेही वेगळं होतं, मग मोठ्या तापमानात आणि निर्वात करून आतला वास-बीस काढतात. सगळं मान्य. पण पहिल्या टप्प्याला घाण आत गेली की पुढे खर्च वाढतो आणि माल पिण्याच्या बाटलीऐवजी दोऱ्याकडे जातो.

दोऱ्याचं सांगायचं राहिलं. मालकाला विचारलं, बाटल्या पुढे कुठे जातात? म्हणे नागपूरला मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून पुढे त्याला माहीत नाही. पण आपल्या देशात गोळा झालेल्या बाटल्यांचा मोठा हिस्सा अजूनही पॉलिस्टर फायबरच होतो: दोरा, सतरंजी, आणि उशी-रजईत भरायचा तो पांढराशुभ्र कापसासारखा माल. कापसाच्या जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात गादीवाला फायबरची उशी 'हलकी अन् धुता येते' म्हणून विकतो, आणि बाजूला कास्तकार कापसाच्या भावाला शिव्या घालत उभा असतो. माझी बाटलीही त्या उशीत असेल. बाटलीची एकदा उशी झाली की तिची पुन्हा बाटली करायला कोणी बसत नाही, हा त्यातला मुद्दा. पेयवाल्या कंपन्यांना आता बाटलीची बाटलीच व्हावी असं वाटतं, ते यासाठी. नाहीतर 30 टक्के आणायचे कुठून?

इथे थोडं विषयांतर करतो, पण दुकानाशी त्याचा संबंध आहे. उन्हाळ्याआधी आमची डीलर मीटिंग झाली. कंपनीचं नाव घेत नाही. जेवण चांगलं होतं. पडद्यावर हिरवी पानं आणि समुद्र दाखवला, मग एक साहेब म्हणाले की आमच्या उद्योगाचा रिसायकलिंगच्या चांगल्या धोरणाला पूर्ण पाठिंबा आहे, तुम्ही गिऱ्हाइकांना सांगा, बाटली चुरगळा आणि निळ्या डब्यात टाका. लाडखेडला निळा डबा नाही. हिरवाही नाही. मी विचारलं, रिकामी बाटली मी टेम्पोत परत आणली तर कंपनी काय भाव देईल? टेम्पो तसाही रिकामा परत येतो. साहेब म्हणाले, सूचना चांगली आहे, वर कळवतो. ती अजून वरच आहे.

त्यांचा पाठिंबा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. नियम एकच असावा, राज्याराज्यात वेगळा नको, कारखान्यांना मान्यता लवकर मिळावी, गोळा करणाऱ्यांची नोंद व्हावी, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. भंगार प्लास्टिकवरचा जीएसटी ऑक्टोबर 2021 पासून 5 चा 18 टक्के झाला, तो खाली यावा हेही बरोबरच आहे. या दुकानदारासारख्या माणसाला त्याचाच फटका आहे. बिल केलं तर 18 टक्के, नाही केलं तर मोठा व्यापारी भाव पाडून मागतो.

पण पाठिंबा कुठल्या गोष्टीला आहे आणि कुठे घसा बसतो, हेही पाहावं लागतं. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने 1971 साली बाटलीवर अनामत लावली. रिकामी परत केली की पैसे परत. तिथे पेयवाल्यांनी तेव्हा त्याला विरोध केला होता आणि पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या राज्यांतही करत राहिले. 2019 मध्ये तिथल्या मोठ्या पेय कंपन्यांनी मिळून प्रत्येक बाटली परत आणू अशी मोहीम काढली, 10 कोटी डॉलर लावून. चांगलं केलं. जर्मनीत 2003 पासून एका बाटलीमागे 25 सेंट अनामत आहे आणि तिथे बाटली रस्त्यावर टाकणारा माणूस म्हणजे पैसे टाकणारा. कोका-कोलाने 2018 मध्ये जाहीर केलं होतं की 2030 पर्यंत विकली तेवढी प्रत्येक बाटली गोळा करू. डिसेंबर 2024 मध्ये ते लक्ष्य बदललं: 2035 पर्यंत 70 ते 75 टक्के. म्हणजे स्वतःहून दिलेला शब्द स्वतःहून कमी करता येतो. अनामत कायद्यात असली की ती तशी कमी होत नाही.

आणि अनामत आपल्याला नवी आहे का? माझ्या वडिलांच्या काळात काचेच्या बाटल्यांचे क्रेट यायचे, एकात चोवीस. क्रेट आणि बाटली दोन्हीचं डिपॉझिट आमच्या खात्यावर असायचं. टपरीवाला बाटली पोराच्या हातात द्यायचा आणि तो पिऊन संपवेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहायचा, कारण बाटली गेली तर पैसे त्याचे जायचे. फुटलेल्या बाटलीवरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. कोणी पर्यावरणाचं नाव घेत नव्हतं आणि एकही बाटली गावात पडून नसायची. तीच कंपनी, तोच टेम्पो, तेच डीलर. प्लास्टिक आलं, डिपॉझिट गेलं, टेम्पो रिकामा परत यायला लागला. कंपनीची वाहतूक हलकी झाली आणि बाटली गावाच्या माथी आली.

महाराष्ट्रात मध्ये प्रयत्न झाला होता. 23 मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत बाटलीवर परतीची किंमत छापायची तरतूद होती: एक लिटर किंवा मोठ्या बाटलीला एक रुपया, अर्ध्या लिटरच्या बाटलीला दोन. काही बाटल्यांवर ते छापूनही आलं. पण तो रुपया द्यायचा कोणी, टपरीवाल्याने दिला तर त्याला परत कोण देणार, हे आमच्यापर्यंत कधी आलं नाही. एक म्हातारी बाटली घेऊन माझ्या गोडाऊनला आली होती, छापलेला रुपया मागायला. मी दिला, खिशातून. केदारनाथला 2022 मध्ये बाटलीवर क्यूआर चिकटवून दहा रुपये अनामत सुरू झाली, तमिळनाडूत नीलगिरीला दारूच्या बाटलीवर दहा रुपये आहेत आणि लोक परत आणून देतात. चाळीस पैसे कुठे आणि दहा रुपये कुठे.

आता कंपन्यांवर जी जबाबदारी आहे ती प्रमाणपत्रांतून चालते. कंपनी पोर्टलवर दाखवते की एवढ्या टनाचं रिसायकलिंग आम्ही करून घेतलं, आणि ते प्रमाणपत्र नोंदणी असलेल्या रिसायकलिंग कारखान्याकडून विकत घेते. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला लाखोंनी खोटी प्रमाणपत्रं सापडली, त्यात महाराष्ट्रातले कारखानेही होते. कागद कोणीही रंगवू शकतो. दारव्ह्याच्या या काट्यावर मात्र खरी बाटली येते, तिचं वजन होतं, तिचा वास घेतला जातो, आणि या प्रमाणपत्राच्या पैशातला एक रुपया इथे पोचत नाही. मालकाला मी विचारलं, तुला असं काही मिळतं का. तो म्हणाला, "मले तर कोणी विचारलं बी नाही, भाऊ." मग झाकणं वेचायला बसला.

उद्योगाला खरंच पाठिंबा द्यायचा असेल तर तो इथे द्यावा, असं माझं मत. एक प्रेस मशीन दिली तरी या माणसाचं काम निम्मं होईल. सध्या तो चुंगड्यांवर पोरांना नाचवून बाटल्या दाबतो. ट्रकमध्ये हवाच जास्त जाते आणि भाडं मात्र मालाचं लागतं. लेबलचंही बघावं. काही ज्यूसच्या बाटल्यांना वरपासून खालपर्यंत घट्ट बसलेलं प्लास्टिकचं आवरण असतं. ते काढायला सुरी लागते, आणि दोन बाया दिवसभर तेच सोलत बसतात. असली बाटली डिझाइन करणाऱ्याला एक दुपार इथे बसवायला हवं, मे महिन्यातली.

दुकानाबद्दलच्या तक्रारी. पावती मिळत नाही, पाटीवरचा खडू हीच पावती, आणि पुढचा गिऱ्हाईक आला की ती पुसली जाते, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. लग्नाच्या सिझनमध्ये दोनशे मिलीच्या बाटल्यांच्या चुंगड्या पाणी न काढता आणल्या तर तो परत पाठवतो, आणि जरा वाकडं बोलतो. बरोबर आहे त्याचं, पाण्याचं वजन तो का विकत घेईल, पण पाहुण्या माणसासमोर बोलू नये. टेट्रा पॅक घेत नाही. ताक आणि दुधाच्या पिशव्या घेतो, पण धुऊन वाळवलेल्याच. मागच्या अंगाला पावसाळ्यात गाळ होतो आणि बाटल्यांमध्ये साचलेल्या पाण्यात डास असतात. नगरपालिकेने नोटीस दिली तर मला नवल वाटणार नाही, आणि दुकानदाराने त्यावर ताडपत्री टाकायला हरकत नव्हती. कुत्रा बांधलेला असतो, पण दोर लांब आहे.

पाचपैकी चार. एक कापला तो गाळासाठी आणि पावतीसाठी.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, शेड टिनाचं आहे. झाकणं घरीच काढून वेगळ्या पन्नीत न्या, त्यांना भाव बाटलीपेक्षा बरा मिळतो. बाटल्या चुरगळल्या तरी चालतात, पण लेबल असू द्या, रंग आणि कंपनी ओळखायला त्याला बरं पडतं. टेम्पोवाल्यांनी गाडी मागच्या गेटला लावावी, पुढे कूलर आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते आणि फोनवर तो भाव सांगत नाही.